यूकिप : मागणी पूर्ण झाली आणि पक्ष मोडला

थेम्सकाठ

८ मे २०१५ ची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. रात्रभर निकाल बघत बसलो होतो. यूकिप, म्हणजे युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी, हिला मतं पडली ३८,८१,०९९ आणि जागा मिळाली एक. त्याच रात्री स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांत ५६ जागा मिळाल्या. पक्षाचे नेते नायजेल फराज स्वतः साउथ थॅनेटमधून पडले. ऑफिसात त्या दिवशी जो तो म्हणत होता की संपला हा पक्ष.

तेरा-चौदा महिन्यांतच त्या पक्षाने जे मागितलं होतं ते, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल, त्याला मिळालं. आणि ते मिळाल्यावर पक्ष खरोखर संपला. हे कसं घडलं यावर मराठीत सलग लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा. मी २००५ पासून लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहतो. यूकिपचा मी कधी मतदार नव्हतो, पण कित्येक वर्षं त्यांची पत्रकं माझ्या दारात पडत होती.

सुरुवात एका प्राध्यापकापासून झाली. ॲलन स्केड हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये इतिहास शिकवत. १९९१ च्या अखेरीस त्यांनी अँटी-फेडरलिस्ट लीग नावाची संघटना काढली. तेव्हा मास्ट्रिख्ट करार होऊ घातला होता. युरोपातली व्यापाराची जुनी व्यवस्था आता राजकीय संघाकडे आणि एका चलनाकडे निघाली होती, आणि ब्रिटनने त्या वाटेने जाऊ नये एवढंच स्केड यांचं म्हणणं होतं. १९९२ ला ते बाथमधून हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे अध्यक्ष ख्रिस पॅटन यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि त्यांना ११७ मतं पडली. सप्टेंबर १९९३ मध्ये त्याच संघटनेचा यूकिप झाला. जांभळा-पिवळा रंग आणि पौंडाचं चिन्ह पुढे घराघरात ओळखीचं झालं.

पहिली काही वर्षं अगदीच हलाखीची. १९९४ च्या ईस्टलेच्या पोटनिवडणुकीत तिशीतला नायजेल फराज उभा राहिला, ९५२ मतं मिळाली. १९९७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाने १९४ उमेदवार दिले आणि फराज सोडून एकूण एकाची अनामत रक्कम जप्त झाली. त्या निवडणुकीत युरोपविरोधी मतांवर खरा दावा सर जेम्स गोल्डस्मिथ या धनाढ्य गृहस्थांच्या रेफरेंडम पार्टीचा होता. त्यांनी ५४७ उमेदवार दिले, आठ लाखांवर मतं मिळवली, आणि जुलैत गोल्डस्मिथ वारले. पैसा ज्याचा, पक्ष त्याचा. माणूस गेला तशी पार्टीही गेली. तिचे बरेच कार्यकर्ते मग यूकिपकडे आले. जेफ्री टिटफर्ड त्यांतलेच.

यूकिपला खरा हात दिला तो मात्र युरोपनेच. १९९९ ला टोनी ब्लेअर सरकारने युरोपीय संसदेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने घ्यायचं ठरवलं, म्हणजे जितकी मतं त्या प्रमाणात जागा. त्या वर्षी मतदान झालं जेमतेम २४ टक्के. घरी बसले ते मोठ्या पक्षांचे मतदार, बाहेर पडले ते तळमळीचे. यूकिपचे तीन सदस्य निवडून आले : फराज, टिटफर्ड आणि मायकेल होम्स. सदस्य म्हटल्यावर पगार आला, कार्यालय आलं, मदतनीस आले, टीव्हीवर बोलायला बोलावणं येऊ लागलं. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीत जो पक्ष उभाच राहू शकत नव्हता, त्याला ब्रसेल्सने पाय दिले. मला विचाराल तर या पक्षाच्या वाढीतली सगळ्यात निर्णायक गोष्ट हीच. २००४ ला बारा सदस्य झाले, २००९ ला तेरा. त्या वर्षी तर मजूर पक्षाला मागे टाकून यूकिप दुसऱ्या क्रमांकावर आला.

या दोन निवडणुकांच्या मधला काळ महत्त्वाचा आहे. १ मे २००४ ला पोलंड, लिथुआनिया, हंगेरी धरून दहा देश युरोपीय संघात आले. जर्मनी, फ्रान्सने आपला कामगार बाजार लगेच उघडला नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पहिल्याच दिवशी उघडला. दरवर्षी ५ ते १३ हजार लोक येतील असा अंदाज सरकारसाठी केला गेला होता. आले त्याच्या कित्येक पट. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल पोलिश ही सर्वाधिक बोलली जाणारी मुख्य भाषा निघाली. स्केड यांच्या काळात यूकिप बोलायचा कायदे, करार, सार्वभौमत्व यांबद्दल. फराज यांनी ते सगळं स्थलांतराच्या एका प्रश्नाला जोडलं. बंद खोलीतला विषय असा बाजारात आला.

२००६ ला हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी रेडिओवर यूकिपच्या लोकांची 'चक्रम, वेडगळ आणि छुपे वंशद्वेष्टे' अशा शब्दांत संभावना केली होती. त्याच कॅमेरॉन यांना पंतप्रधान असताना, २३ जानेवारी २०१३ ला, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमताचं वचन द्यावं लागलं. कारण यूकिप जिंकेल ही भीती नव्हतीच. तो हुजूर पक्षाला शंभर ठिकाणी पाडेल ही होती. वचन दिल्यावरही पाणी चढतच राहिलं. महिन्याभराने ईस्टलेमध्येच पोटनिवडणूक झाली, यूकिपच्या डायन जेम्स दुसऱ्या आल्या आणि हुजूर पक्ष तिसरा. फराज यांना ९५२ मतं मिळालेला तो हाच मतदारसंघ. मे २०१४ मध्ये युरोपीय निवडणुकीत २४ जागा जिंकून यूकिप देशात पहिला आला. शतकभरात देशव्यापी निवडणुकीत हुजूर आणि मजूर सोडून तिसरा कुणी पहिला आलेला नव्हता. त्यानंतर हुजूर पक्षाचे दोन खासदार, डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस, पक्ष सोडून आले आणि खासदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. दोघेही निवडून आले.

मग २०१५, मग २३ जून २०१६ चं सार्वमत. उताराची गोष्ट प्रतिसादात लिहितो, आता ऑफिसला निघायला हवं.

मृगनक्षत्र

वाचतेय. एक साधा प्रश्न. ज्या संसदेला विरोध, तिथेच निवडून जायचं आणि तिचाच पगार घ्यायचा, हे त्यांच्या मतदारांना खटकलं नाही का?

थेम्सकाठ

@मृगनक्षत्र, पक्षात पहिली मोठी फूट याच प्रश्नावर होती. स्केड यांची मूळ भूमिका अशी की निवडणूक लढवायची, पण युरोपीय संसदेत जागा घ्यायची नाही, कारण जागा घेतली की त्या संस्थेला मान्यता दिल्यासारखं होतं. तो आग्रह पक्षाने पुढे सोडला. १९९७ नंतर स्केड स्वतःच बाहेर पडले आणि पुढे आपल्याच पक्षावर त्यांनी कडक टीका केली. मतदारांना मात्र पगार खटकल्याचं मला कधी जाणवलं नाही. स्ट्रासबर्गच्या सभागृहात उभं राहून फराज तिथल्याच अध्यक्षांना तोंडावर सुनावतात, त्या चित्रफिती इथे पबमध्ये लोक एकमेकांना दाखवायचे.

जुना_वाचक

लेख माहितीपूर्ण आहे, पण यूकिपच्या पदरात तुम्ही जरा जास्तच श्रेय टाकताय. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, हा काळ वर्तमानपत्रांतून रोज वाचलाय. युरोपशी भांडण हे हुजूर पक्षाच्या घरातलं भांडण. सप्टेंबर १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी ब्रुजला भाषण केलं, तिथून ते उघड्यावर आलं. १६ सप्टेंबर १९९२ ला पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर फेकला गेला आणि कारभारात हुजूर पक्ष चोख असतो ही समजूत एका दिवसात गेली. पंतप्रधान जॉन मेजर यांचं बहुमत २१ चं. तेवढ्यावर मास्ट्रिख्टचा कायदा पास करताना त्यांच्याच बंडखोरांनी त्यांना महिनोन्महिने रडवलं. हे सगळं यूकिप अनामत रक्कम गमावत होता तेव्हाचं आहे.

सार्वमताचा अधिकृत प्रचारही फराज यांच्याकडे नव्हता. तो होता 'व्होट लीव्ह'कडे, म्हणजे हुजूर पक्षाचेच बोरिस जॉन्सन, मायकेल गोव्ह आणि मंडळींकडे. माझं मत असं की यूकिप हा हुजूर पक्षाचाच रागावून घराबाहेर पडलेला भाऊ. घरचं भांडण मिटलं, भाऊ घरी परतला, बाहेरची झोपडी मोडली.

थेम्सकाठ

सर, घरातलं भांडण हे अगदी मान्य. पण थॅचरबाईंच्या भाषणापासून २०१३ पर्यंत पंचवीस वर्षं ते घरातच राहिलं होतं ना. बंडखोर खासदार ओरडायचे, मतदानाच्या वेळी बहुतेक मुकाट लायनीत यायचे, कारण बाहेर जायला जागा नव्हती. यूकिपने ती जागा तयार केली. आपला मतदार उठून दुसरीकडे जातो आणि परत येत नाही, हे आमदार-खासदाराला जितकं कळतं तितकं भाषणाने कळत नाही.

आणि 'भाऊ' म्हणाल तर निम्माच खरा. २०१५ ला यूकिप १२० जागांवर दुसरा होता, आणि त्यातल्या बऱ्याच जागा उत्तरेकडच्या, मजूर पक्षाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बालेकिल्ल्यातल्या होत्या. कोळशाच्या खाणी बंद पडलेली गावं, मासेमारी बसलेली बंदरं. ती माणसं हुजूर पक्षाची कधीच नव्हती.

औषधवाला

उत्तरेचं नाही सांगत, पूर्वेचं सांगतो. मी लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावात सहा वर्षं फार्मासिस्ट होतो. सार्वमतात देशात सगळ्यात जास्त टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला तो याच गावाने, ७५.६ टक्के.

चहूकडे सपाट काळी जमीन, कोबी, फ्लॉवर, बटाटा. पूर्वी हंगामात बाहेरून मजूर यायचे आणि हंगाम संपला की जायचे. २००४ नंतर लिथुआनिया, पोलंड, लाटव्हियातून माणसं आली आणि राहिली. पहाटे पाचला व्हॅनमध्ये बसून शेतावर जायची. मी त्यांना औषधं दिली आहेत, पाठदुखीची आणि हात फुटल्यावर लावायची मलमंच जास्त. कष्टाळू, अबोल माणसं. आणि माझ्या काउंटरच्या दुसऱ्या बाजूला गावातल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना डॉक्टरची वेळ मिळत नव्हती, नातवाला शाळेत जागा मिळत नव्हती, भाडी वाढली होती. त्यांच्या मनात समोरच्या पोलिश बाईबद्दल द्वेष नव्हता, निदान मला तरी बहुतेकींच्यात दिसला नाही. त्यांचा राग असा होता की हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही.

गावात माणसं वाढली त्या वेगाने डॉक्टर आणि वर्ग वाढवले नाहीत, ही चूक कुणाची? ब्रसेल्सची तर नव्हेच. पण दारावर येऊन तक्रार ऐकून घेणारा पक्ष एकच होता. २०१३ ला काउंटीच्या निवडणुकीत तो तिथे दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्या लोकांना वेडगळ म्हणून सोडून दिलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मृगनक्षत्र

औषधवाला, हा प्रतिसाद फार आवडला. असं आतून पाहिलेलं कुठे वाचायला मिळत नाही.

पणजीकर

धागा वाचताना आमचा मगो आठवला, म्हणून थोडं अवांतर. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षही एकाच मागणीवर उभा राहिला, गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. मगो हरला. पण दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि पक्ष १९७९ पर्यंत सत्तेत राहिला.

म्हणजे मागणी हरली आणि पक्ष टिकला. कारण मागणीच्या मागे बहुजन समाज होता, कुळांचा प्रश्न होता, गावोगाव निघालेल्या मराठी शाळा होत्या. विलीनीकरणाचा विषय संपल्यावरही त्या माणसाला आपला पक्ष लागत होता. यूकिपच्या मतदाराला मागणी मिळाल्यावर यूकिप कशाला हवा होता? तुमच्या उताराच्या भागात याचं उत्तर शोधतोय.

थेम्सकाठ

पणजीकर, तुमचा प्रश्न नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा आहे. उताराकडे येतो.

सार्वमताचा निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१. बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख. ४ जुलै २०१६ ला फराज यांनी पक्षाध्यक्षपद सोडलं, आयुष्यभराचं काम झालं म्हणून. सप्टेंबरात डायन जेम्स निवडून आल्या आणि अठरा दिवसांत त्यांनी सोडलं. नोव्हेंबरात पॉल नटॉल आले. कार्सवेल, पक्षाचे एकमेव खासदार, मार्च २०१७ मध्ये बाहेर पडले. मे २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत पक्षाच्या १४५ जागा पणाला होत्या, त्या सगळ्या गेल्या आणि लँकशायरमध्ये नवी एक आली. जूनच्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन वर्षांपूर्वीची अडतीस लाख मतं पाच लाख चौऱ्याण्णव हजारांवर आली. पंतप्रधान थेरेसा मे सांगत होत्या की ब्रेग्झिट मी करून दाखवते, आणि यूकिपच्या मतदारांचा मोठा हिस्सा हुजूर पक्षाकडे गेला. सरांचा 'भाऊ घरी परतला' हा मुद्दा इथे खरा ठरतो.

पण फक्त मागणी पूर्ण झाली म्हणून पक्ष संपला असं मी म्हणणार नाही. मागणी संपल्यावर उरायला काहीतरी लागतं. पणजीकर म्हणतात तशा शाळा, तशी कुळं. यूकिपला तशी संधी एकदाच मिळाली होती. थॅनेट हा केंटच्या टोकाचा समुद्रकाठचा तालुका. मे २०१५ मध्ये, फराज तिथेच खासदारकीला पडले त्याच दिवशी, तिथल्या जिल्हा परिषदेत यूकिपला ५६ पैकी ३३ जागा मिळाल्या. देशात त्यांच्या पूर्ण बहुमताची ही एकच. लोकांना वचन होतं ते मॅन्स्टन विमानतळाचं. तो आदल्या वर्षी बंद पडला होता, नोकऱ्या गेल्या होत्या, आणि यूकिप म्हणत होता की सक्तीने जमीन संपादन करू, विमानतळ पुन्हा सुरू करू.

सत्ता आल्यावर कागद उघडले तर पैसे कोण घालणार, तोटा कुणाच्या गळ्यात पडणार याचं उत्तर नव्हतं. ऑक्टोबरात परिषदेने संपादन पुढे न्यायचं नाही असं ठरवलं. लगेच नगरसेवक फुटले आणि पाच महिन्यांत बहुमत गेलं. पुढेही रडतखडत कारभार चालला. २०१८ च्या सुरुवातीला त्याच जमिनीवर घरं बांधायची का यावरून पक्षाच्याच लोकांनी आपल्या नेत्याविरुद्ध मत दिलं, डझनभर जण वेगळे झाले, सत्ता गेली. लंडनच्या वर्तमानपत्रांनी या गोष्टीला फार जागा दिली नाही. मला मात्र या पक्षाची सगळी जन्मकुंडली थॅनेटमध्ये दिसते. माणसं प्रामाणिक होती, बरीच निवृत्त, राजकारणात नवखी. कचरा, घरं, जमीन यांवर पक्षाचं म्हणणं काय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, कारण पक्षाला तसं म्हणणंच नव्हतं. युरोप सोडला तर दोन यूकिपवाले कशावर एकमत असतील याचा भरवसा नव्हता.

मग जेरार्ड बॅटन यांच्याकडे नेतृत्व आलं आणि पक्ष इस्लामविरोधाकडे वळला. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी इस्लामविरोधी आंदोलनं करणारे टॉमी रॉबिन्सन यांना सल्लागार नेमलं. त्यावर फराज यांनी डिसेंबरात पक्ष सोडला. युरोपीय संसदेतल्या चोवीसांपैकी मोजकेच उरले. मे २०१९ मध्ये ब्रेग्झिट लांबत गेल्यामुळे पुन्हा युरोपीय निवडणूक घ्यावी लागली. फराज यांच्या काही महिन्यांच्या ब्रेग्झिट पार्टीला २९ जागा, यूकिपला शून्य. डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत यूकिपला सगळ्या देशात मिळून २२,८१७ मतं पडली.

रेवती_ब

तुम्ही एक पोस्टर वगळलंत, आणि मला ते वगळता येत नाही.

१६ जून २०१६. मतदानाला आठवडा राहिला होता. फराज यांनी एका मोठ्या पोस्टरचं अनावरण केलं. 'ब्रेकिंग पॉइंट' अशी लाल अक्षरं आणि माणसांची न संपणारी रांग. तो फोटो क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा होता, २०१५ च्या निर्वासितांचा. ब्रिटनच्या सीमेशी त्याचा काही संबंध नव्हता. पोलिश प्लंबरशीही नव्हता. रांगेतले चेहरे सावळे होते. त्याच दिवशी दुपारी खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्या मतदारसंघात खून झाला. खुनी यूकिपचा होता असं मी म्हणत नाही, तसं नव्हतं. पण दोन्ही बातम्या एकाच दिवशी बघितल्या आणि संध्याकाळी मुलीला शाळेतून आणताना मी पहिल्यांदा रस्त्यात मागे वळून वळून पाहत होते. तोवर बारा वर्षं इथे राहिले होते, तसं कधी केलं नव्हतं.

औषधवाल्यांच्या बॉस्टनमधल्या आज्या खऱ्या आहेत, मला मान्य आहे. पण त्यांची तक्रार घेऊन पक्षाने जे चित्र बनवलं त्यात मी उभी होते. व्होट लीव्हवाल्यांनाही ते पोस्टर नको झालं होतं. बॅटन आणि रॉबिन्सन २०१८ ला आकाशातून पडले नाहीत.

औषधवाला

रेवतीताई, मान्य. मी पोस्टर लागलं तेव्हा बॉस्टनमध्येच होतो. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण दुकानात आम्ही तिघे भारतीय त्या आठवड्यात फार बोललो नाही, हे खरं.

जुना_वाचक

एक मुद्दा पक्षाच्या घटनेचा. यूकिपमध्ये सदस्यांना मत होतं, राष्ट्रीय कार्यकारिणी होती, आणि ती नेत्याशी सतत भांडायची. २०१५ ला फराज यांनी दिलेला राजीनामा कार्यकारिणीने फेटाळला आणि ते चार दिवसांत परतले, त्यावरून नंतर किती धुसफूस झाली! ब्रेग्झिट पार्टी काढताना त्यांनी ही भानगडच ठेवली नाही. ती कंपनी म्हणून नोंदवली आणि २५ पौंड भरणारे नोंदणीकृत समर्थक घेतले. त्यांना सदस्याचं मत नव्हतं. अभ्यासक म्हणून मला हे फार अस्वस्थ करतं. लोकशाही पक्षात भांडणं होतात म्हणून लोकशाहीच काढून टाकली, आणि मतदारांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही.

त्या पार्टीचंच पुढे रिफॉर्म यूके झालं. २०२४ ला ४१ लाखांवर मतं आणि पाच जागा, आणि फराज क्लॅक्टनमधून खासदार. म्हणजे जिथे कार्सवेल निवडून आले होते तिथूनच.

सांगलीची_अनघा

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज लिहिते. मी २०१६ ला बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं, आणि दिलं ते भारतीय पासपोर्टवर. अनेकांना हे ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं. माझ्या शेजारच्या पोलिश कासियाला, जिचं भवितव्य त्या मतावर होतं, तिला नव्हतं.

का दिलं ते सांगते. माझे बाबा २०१० ला गेले. तोवर नियम असा होता की आई-वडिलांपैकी एकटं राहिलेलं कुणी पासष्टीच्या पुढे असेल आणि मुलांवर अवलंबून असेल, तर इथे आणता येण्याची वाट होती. आई तेव्हा त्रेसष्टची. दोन वर्षं थांबायचं ठरलं, आणि जुलै २०१२ मध्ये नियमच बदलला. आता त्या व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीशिवाय रोजचं काहीच करता येत नसलं पाहिजे, आणि तशी मदत तिच्या देशात पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध केलं पाहिजे. सांगलीत बाई मिळत नाही हे मी कसं सिद्ध करणार? अर्ज केला, नाकारला गेला.

सरकारने स्थलांतर कमी करण्याचं वचन दिलेलं होतं. युरोपातून येणाऱ्यांना अडवता येत नव्हतं, म्हणून हात पोचत होता तिथे, म्हणजे आमच्यावर, नियम आवळले. कासियाने मात्र युरोपच्या नियमाखाली आपल्या आईला सहज आणलं. त्या मावशी फार गोड आहेत, माझ्या मुलाला त्यांनीच सांभाळलंय. तरीही रोज त्यांना बागेत बसलेलं बघून माझ्या पोटात तुटायचं. अशा वेळी दारात पत्रक आलं की युरोप आणि राष्ट्रकुल सगळ्यांना एकच नियम लावू, गुणांवर प्रवेश देऊ. दुसरीकडे हुजूर पक्षाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की बाहेर पडलो तर भारतीय उपाहारगृहांना आचारी आणता येतील. मला आचाऱ्याशी देणंघेणं नव्हतं, पण मला वाटलं दार थोडं आपल्याकडेही उघडेल. रेवती, ते पोस्टर मी पाहिलं होतं. पाहूनही दिलं. हे तुला आवडणार नाही, पण खरं ते सांगते.

थेम्सकाठ

अनघाताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. स्लाऊमध्ये निम्म्याहून जास्त लोक आशियाई, आफ्रिकी वगैरे वंशाचे, तरी तिथे ५४ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. तुमच्यासारख्या किती जणांचं मत त्यात होतं ते आमच्या गल्लीत मला ऐकू यायचं. एकच विचारतो, नंतर नियम बदलला का?

रेवती_ब

अनघा, आवडलं नाही, पण तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. आई कशी आहे?

सांगलीची_अनघा

नियम तसाच आहे. जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत आली, युरोप आणि बाकीचे एका रांगेत आले, भारतातून विद्यार्थी आले, नर्सेस आल्या. २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं. २०२२ पासून वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी व्हिसा होता, त्यावर केरळातून आलेल्या दोन मुली आमच्याच रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात काम करतात. आई-वडिलांचा नियम मात्र कुणी हलवला नाही. यूकिप हलवेल असं ज्यांनी पत्रकात सुचवलं होतं, त्यांना विचारायला जावं तर पक्षच उरला नव्हता. आमच्या भागातला त्यांचा नगरसेवक २०१७ ला पडला, त्यानंतर तो दिसला नाही.

आई ७८ ची आहे. गुडघे गेलेत, एका डोळ्याने कमी दिसतं. सांगलीत मावसबहीण दोन वेळा येऊन जाते. कासियाच्या आईला कायमचं राहण्याची परवानगी मिळाली, काल तिने आमच्याकडे सफरचंदाचा केक पाठवला. फोनवर आईला दाखवला, तर म्हणाली, त्यांना विचार कसा करतात, मी इथे करून बघते.